आधी वाण ठरवा, मग अंतर

दिवाळी उरकली की आमच्या येवल्याकडे रब्बी मक्याची घाई सुरू होते आणि बांधावर भेटेल तो विचारतो, "भाऊ, अंतर किती टाकलं?" मी आधी विचारतो, वाण कोणतं?

75 बाय 20 सेंटिमीटरवर, म्हणजे दोन ओळींत 75 आणि ओळीतल्या दोन झाडांत 20, एकरात साधारण 27 हजार झाडं बसतात, 60 बाय 20 वर जवळपास 34 हजार. सात हजार कणसं जास्त मिळतील असं वाटतं. पण मक्याचा सगळा भरवसा एका झाडाच्या एका कणसावर. दाटीत सावली पडली की तुरा, म्हणजे शेंड्यावरचा पराग देणारा फुलोरा, वेळेवर येतो; पराग झेलणारं कणसाचं केसर मात्र मागे राहतं. तोवर पराग झडून गेलेला असतो. असं कणीस सोलून बघा: बुडाला दाणे टच्च आणि शेंड्याकडे दोन-तीन बोटं कोरी. काही झाडं तर वांझच राहतात.

हिशेब मांडून बघू. 27 हजार कणसांना 120 ग्रॅमप्रमाणे दाणा धरला तर 32 क्विंटल होतात. 34 हजारांवर दाणा 95 ग्रॅमवर आला, तरी तेच 32! बियाणं आणि खत जास्त गेलं ते वेगळंच. पण उभट पानांचं, दाटी सोसणारं वाण असेल आणि 115 ग्रॅम टिकले, तर 39 क्विंटल. अमेरिकेत 1930 च्या सुमारास हेक्टरी 30 हजारांच्या आसपास झाडं असायची, आता 75 हजारांच्या वर असतात. तिथलं उत्पादन वाढलं त्यात नव्या संकरित वाणांनी दाटी सोसली याचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडची शिफारसही हेच सांगते: उशिरा आणि मध्यम कालावधीच्या वाणांना 75 बाय 20, लवकर येणाऱ्यांना 60 बाय 20. लवकरचं झाड लहान, त्याला जागा कमी पुरते. अर्थात विहिरीला तुरा-केसराच्या वेळी पाणी असेल तरच दाट लावा. त्या पंधरवड्यात ताण बसला तर दाट पिकाचे हाल आधी होतात.

उगवण झाली की टेप घेऊन शेतात जा. 75 च्या ओळीत 5.4 मीटर मोजा, 60 च्या ओळीत 6.75 मीटर. तेवढ्यातली रोपं गुणिले हजार म्हणजे एकरातली झाडं. चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. एका ठिकाणी दोन रोपं आली असतील तर अशक्त रोप लगेच उपटा, आणि नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, आठवड्याच्या आतच भरा. उशिरा लावलेलं रोप शेजारच्यांच्या सावलीत सापडतं आणि कणीस धरत नाही.