भूत चौथ्या प्रकरणात येतं

सोसायटीच्या बालवाचनालयात नवी पुस्तकं आली की कुठलं कुठल्या फळीवर ठेवायचं, हा निवाडा माझ्याकडे येतो. चित्रांची पुस्तकं पटकन लागतात. घोडं अडतं ते त्यापुढच्या, सहा-सात प्रकरणांच्या छोट्या गोष्टींपाशी. दुसरी-तिसरीतल्या मुलांना नेमक्या त्याच हव्या असतात. मध्येच खूण घालून पुस्तक मिटता येतं ना, मोठ्यांसारखं!

प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर वाचनाच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. पहिली २५० शब्दांच्या आत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत, त्यापुढे चौथी. अंदाजाला हे बरं. पण मराठीत शब्द मोजून कितीसं कळणार? ‘झाडाखालच्यांनासुद्धा’ हा हिशेबाला एकच शब्द, आणि वाचणाऱ्याला त्यात दोनदा दम लागतो. मजकूर वाचायला किती सोपा हे मोजणारं सूत्र रुडॉल्फ फ्लेशने १९४८ साली इंग्रजीसाठी काढलं, तेही वाक्याची लांबी आणि शब्दातले उच्चारांचे तुकडे मोजतं. रफाराशी त्याची कधी गाठच पडली नाही. ‘कमलनयन’ मुलं सहज म्हणून जातात. दोन अक्षरांच्या ‘ईर्ष्या’शी थबकतात. बरं, जोडाक्षरं अवघडच म्हणावीत, तर ‘ट्रॅक्टर’ला कुणी अडत नाही. तो ओळखीचा असतो.

पाच बोटांची युक्तीही करून पाहते. एक पान वाचायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट. पाचही उघडली तर पुस्तक जड. पण जाड पुस्तकावर जीव जडलेलं पोर मूठ घट्ट मिटून ठेवतं!

त्यामुळे हल्ली मी दुसऱ्या प्रकरणातलं मधलं पान वाचायला लावते. पहिल्या प्रकरणात लेखक जपून लिहितो, दुसऱ्यात त्याचा हात सुटतो. त्यातही संवाद असलेलं पान बघते. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ असेल तर कोण बोलतंय ते क्रियापदच सांगतं. लेखकाने ते गाळून नुसती अवतरणं लावली, की शब्द सगळे सोपे असूनही मूल विचारतं, “हे कोण बोललं?” असं दोनदा झालं की मी पुस्तक वरच्या फळीवर सरकवते.

मुलांना मात्र माझ्या फळ्यांची फारशी पर्वा नाही. पुस्तकात ती एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवतात. एकीवर लिहिलंय, ‘सोप्पं आहे. पहिली तीन बोर. भूत चौथ्या प्रकरणात येतं.’ ते पुस्तक सध्या कुठल्याच फळीवर नसतं.