भिंतीवरची वाकळ

रविवार

पाऊस पुरता गेल्याशिवाय भिंतीला कापड लावायचं नाही, हे माझं ठरलेलं आहे. बेळगावचा पाऊस जूनमध्ये एकदा लागला की सप्टेंबरपर्यंत पाठ सोडत नाही. आमच्या शहापुरातल्या या जुन्या घराची पश्चिमेची भिंत तर दसऱ्यापर्यंत हाताला गार लागते. तिला सुती कापड टेकलं की मागून काळे ठिपके धरतात, आणि बुरशीचा डाग एकदा पडला की कितीही धुवा, जात नाही. आता दिवाळी सरली, हवा कोरडी झाली, म्हणून आईची वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची हातानं शिवलेली गोधडी, ट्रंकेतून काढली.

जागा माजघराच्या आतल्या भिंतीची निवडली. दोन्ही अंगाला खोल्या, त्यामुळे ओल येत नाही. खिडकीतून ऊन थेट पडत नाही, कडेनं नुसता उजेड येतो. उन्हाची मला सगळ्यात जास्त धास्ती. सुती कापड उन्हानं विटतं. रेशीम विटतं आणि कुजतंही. या वाकळेत इरकलीचा पदर आहे. अंग सुती, पदराचा ताणा रेशमाचा आणि दोन्ही मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले, असं ते टोपपदराचं लुगडं. सुती अंग अजून दणकट आहे, पदराचं रेशीम मात्र घडीघडीवर चिरलंय. त्यावर बारीक जाळीचं कापड धरून चार बाजूंनी हलके टाके घातले. त्यावर नवं ठिगळ लावायला माझा हात धजत नाही. आईनं लावलेल्या ठिगळांशेजारी माझं ठिगळ नको.

दुपारी पाठीमागची पट्टी शिवली. ओळखीच्या बायका विचारतात, वाकळ टांगायची कशी, म्हणून नीट लिहून ठेवते. मांजरपाट आधी गरम पाण्यातून काढून त्याची खळ घालवायची. वाकळेच्या रुंदीइतकी लांब आणि दुमडल्यावर चार इंच भरेल अशी पट्टी कापून तिची नळी शिवायची, आणि ती वाकळेच्या पाठीला, वरच्या काठाच्या जरा खाली, हातशिलाईनं लावायची. सुई पाठीच्या आणि मधल्या थरांतून जावी, पुढच्या अंगाला टाका दिसता कामा नये. भिंतीकडची बाजू थोडी सैल सोडायची, नाहीतर आत दांडी गेली की पुढून फुगवटा येतो. आमची वाकळ काट्यावर चार किलोच्या वर भरली. एवढं वजन खिळ्यांवर किंवा चिमट्यांवर टांगलं तर सगळा ताण दोन-चार जागांवर येतो आणि कापड तिथूनच फाटत जातं. नळीत दांडी घातली की तोच ताण पूर्ण रुंदीवर वाटला जातो. दांडी सागवानी, पॉलिश केलेली, वर धुवट कापड गुंडाळलेली. उघडं लाकूड कापडाला पिवळे डाग पाडतं. खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावले, म्हणजे वाकळ भिंतीपासून बोटभर सुटी राहते आणि मागून हवा खेळते.

पट्टीचा अंदाज घेताना वाकळेवरून हात फिरवत होते, तर बरोबर मधोमध बोटाला काहीतरी कडक लागलं. तांदूळ! वाकळ कडेकडून आत शिवत आणायची आणि शेवटी मध्ये जेवढं तोंड उरतं ते शिवण्याआधी आई त्यात चिमूटभर तांदूळ घालायची. वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणायची. इतक्या धुण्यांत ते दाणे भिजले, वाळले, एकमेकांना चिकटून त्यांची हरभऱ्याएवढी गोळी झालीय. चिमटीत धरून फिरवली तर आत कडा लागतात. बराच वेळ तिथंच बसून राहिले.

सोमवार

धाकटे भाऊजी म्हणतात, काचेची फ्रेम करून घ्या वहिनी, धूळ बसणार नाही. त्यांचं म्हणणं काळजीपोटीच आहे, पण मला पटत नाही. आपल्या हवेत काचेमागे दमटपणा कोंडतो आणि कापड काचेला चिकटतं. धुळीला उपाय आहे: व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जाळीचं कापड बांधायचं आणि कमी ओढीवर वरून खाली हळूहळू फिरवायचं. शिवाय ही हात लावायची वस्तू आहे. आलेल्या माणसानं काठ चिमटीत धरून जाडी बघितली तर मला आनंदच होतो.

शेजारच्या अक्का येऊन बघून गेल्या. त्यांच्या माहेरी, बैलहोंगलाकडं, कौदी शिवतात, म्हणजे आपली वाकळच. त्यांनी आल्याआल्या खालचा कोपरा उलटून पाठ बघितली. शिवणारी बाई अशीच ओळखू येते.

बुधवार

नंदगडहून मावशी आली. दवाखान्याचं काम होतं, ते सकाळीच आटोपलं. मग चहा घेऊन माजघरात बसलो. मी दिवा लावायला उठले तर म्हणाली, "लावू नको. खिडकीचा उजेडच बरा आहे की."

कडेनं येणाऱ्या उजेडात टाके उठून दिसतात, हे मला आज तिच्यामुळं कळलं. वाकळ जमिनीवर किंवा पलंगावर असली की आपल्याला कापडाचे रंग दिसतात. निळं लुगडं, तांबडा पदर, वडिलांच्या धोतराची कड, गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे. उभी केली की टाक्याटाक्याची सावली पडते आणि कापडाऐवजी हात दिसायला लागतात. मावशी उठून जवळ गेली. चष्मा वर केला आणि बोट न टेकवता हवेतच फिरवत म्हणाली, "ही सगळी ओळ अक्काची, तुझ्या आईची. ती दोरा ओढून घ्यायची. बघ, तिच्या अंगाला कापड कसं चुरमडलंय. आणि हा लांब टाका माझा. मला मध्येच उठून भाकऱ्या बडवायच्या असायच्या, आज्जी हाक मारायची."

खरोखरच, एक बाजू घट्ट आणि बारीक, तिच्या समोरची सैल आणि लांब. मध्ये जिथं दोघींच्या ओळी भेटतात तिथं एक ओळ तिरकी झालीय. इतकी वर्षं अंगावर घेतली ही वाकळ, आणि तिच्यात दोन बहिणी समोरासमोर बसल्यात हे कधी दिसलं नव्हतं.

मावशी पुढं सांगत राहिली. उन्हाळ्यात शेतीचं काम नसलं की पडवीत अंथरायची. चारी कोपऱ्यांवर दगड, एका कडेला वरवंटा. खाली जुनं लुगडं, वर जुनं लुगडं, मध्ये जे जे फाटलेलं असेल ते. मधला थर नीट पसरणं सगळ्यात अवघड. तिथं घडी पडली की सुई अडते आणि निजणाऱ्याला टोचतं. ते काम आज्जी दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

मग ती उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याशी थांबली. "हा आमच्या दोघींचा हात नव्हे." त्या कोपऱ्यात गाठी उलट्या बाजूला आहेत. म्हणजे शिवणारी डावरी. मावशीला नाव आठवेना. खालच्या आळीतली कुणीतरी असणार, म्हणाली, तेव्हा एकमेकींच्या वाकळांना बसायची रीतच होती.

मला रात्री झोप लागली नाही नीट. तिसरी एक बाई आमच्या भिंतीवर आहे आणि तिचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही.

शनिवार

मध्यंतरी एका दुकानात जुन्या गोधड्या मांडलेल्या बघितल्या. चिठ्ठीवर किंमत होती, लांबी-रुंदी होती, "अस्सल हातशिलाई" असंही होतं. कुणाच्या हातची, ते नव्हतं. विचारलं तर विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून ते मनात सलतंय. चित्राच्या कोपऱ्यात सही असते. वाकळेला महिना-महिना बसणाऱ्या बाईनं सही केली नाही, कारण ती भिंतीवर जाईल असं तिला वाटलंच नव्हतं. आता आपण ती भिंतीवर नेतोय, तर नाव लिहिणं आपलं काम आहे.

आतल्या खोलीत मी एक छोटी कवंदी, म्हणजे सिद्दी लोकांची वाकळ, लावलीय, हल्याळच्या बाजूच्या एका सिद्दी बाईकडून घेतलेली, तान्ह्या बाळाच्या मापाची. सिद्दी म्हणजे काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून इथं आणल्या गेलेल्या लोकांचे वंशज. हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात आणि आपल्या खानापूर तालुक्यातही त्यांची वस्ती आहे. त्यांच्या बायका एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत येतात. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे जाडसर त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी राहिली असं मानतात. 2011 साली त्यांच्या कवंद्या न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये प्रदर्शनात लागल्या होत्या. माझ्याकडच्या कवंदीमागं मी शिवणाऱ्या बाईचं नाव आणि गाव तिला विचारून, तिच्यासमोरच लिहून घेतलं. तिनं दोनदा वाचून घेतलं आणि गावाच्या नावातली वेलांटी दुरुस्त करायला लावली.

आईच्या वाकळेलाही आज तशीच चिठ्ठी करायला घेतली. शाईनं लिहायचं नाही. धुताना शाई फुटते आणि शेजारच्या कापडात उतरते. मांजरपाटाच्या तुकड्यावर दोऱ्यानं, उलट्या टिपेनं अक्षरं. आईचं नाव, मावशीचं नाव, नंदगड. खाली कापडांची नावं: इरकल, धोतर, खण. साल नक्की कळत नाही. मावशी म्हणते थोरल्या मामांच्या लग्नाच्या आधीचा उन्हाळा, तर तसंच लिहिलं. तिसऱ्या नावाची ओळ मोकळी ठेवलीय.

ही वाकळ कायमची भिंतीवर राहणार नाही, हेही ठरवून टाकलंय. फाल्गुनात उतरवायची. सतत टांगून वरचा काठ दमतो. सावलीत पसरून वारा द्यायचा, मग घडी न घालता जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायची, वरून जुनी सुती साडी. घडी घातलीच तर दर वेळी वेगळ्या रेषेवर, त्याच त्या घडीवरच कापड पहिल्यांदा तुटतं. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, तोही पुरचुंडीत बांधून. नुसता टाकला तर डाग पडतात. त्या जागी सासूबाईंची वाकळ लावेन. ती काळ्या चंद्रकळेची आहे. काळा रंग सगळ्यात आधी जीर्ण होतो, त्यामुळं तिला पाठीमागून पूर्ण अस्तर लावावं लागेल, मगच तिचं वजन पेलेल. सासूबाईंच्या सोबतीला कोण कोण बसायचं ते नणंदबाईंना विचारायचंय, आणि लवकर, कारण त्यांनाही आता विसरायला होतं.

मावशीचा संध्याकाळी फोन आला. गावच्या यात्रेला ये म्हणाली, खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायका सगळ्या देवळात जमतात, त्यांना तो कोपरा दाखवू. मोबाईलवर त्यांना दिसायचं नाही. उद्या सकाळी खिडकीच्या उजेडात फोटो काढून, मोठ्या मापात छापून घ्यायचा आहे.