विठ्ठलवाडी ते ठाणे, काकांच्या नागरिकत्वाच्या शपथेसाठी

सकाळी साडेआठची लोकल. शेजारच्या काकांनी कागदांची पिशवी पोटाशी घट्ट धरली होती. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधून निघताना काकूंनी ती दोनदा उघडून पाहिली होती, मी एकदा. काका २०१२ मध्ये थर एक्स्प्रेसने पाकिस्तानातल्या सिंधमधून आले. पासपोर्टवर मुनाबाव या राजस्थानातल्या सीमेवरच्या स्टेशनचा शिक्का आहे, पण जांभळी शाई एवढी उडालीय, की पान उजेडात तिरपं धरलं तरच तारीख वाचता येते. त्याच पासपोर्टची मुदत संपली आणि नागरिकत्वाचा जुना अर्ज तिथेच अडकला.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने नागपूर, मुंबई, पुणे, ठाण्यासह १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, तेव्हाच मोठा फेरा कमी झाला होता. खरा फरक पडला तो नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या (सीएए) ११ मार्च २०२४ च्या नियमांनी. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करतात. कागद तपासते पोस्टाच्या अधीक्षकांची जिल्हा समिती. निर्णय घेते राज्याची अधिकारप्राप्त समिती, जिच्या प्रमुखपदी जनगणना संचालक असतात. यादीतली कागदपत्रं मुदत संपलेली असली तरी चालतात. काकांसाठी हे एक वाक्य बारा वर्षांच्या अर्जविनंत्यांपेक्षा मोठं ठरलं.

ठाण्यात जिल्हा समितीसमोर आमचा नंबर दुपारी लागला. पोर्टलवर जे जे चढवलंय, त्याची मूळ प्रत एकेक करून मागतात, म्हणून अर्जातल्याच क्रमाने लावून न्या. आमची अडचण वेगळीच निघाली. पासपोर्टवर वडिलांचं नाव एका तऱ्हेने, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने. प्रतिज्ञापत्र आधीच केलं होतं, तरी खुलासा द्यावाच लागला. घरातल्या सगळ्यांची नावं निघण्याआधी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

२०१४ अखेरपर्यंत आल्याच्या पुराव्यासाठी त्या काळातलं विजेचं बिल, रेशनकार्ड, भाडेकरार, बँक खातं असं काहीही जपून ठेवलेलं उपयोगी पडतं. समाजातल्या मान्यवर संस्थेचं पात्रता प्रमाणपत्र लागतं, ते आधी मिळवा. भाषा येत असल्याच्या घोषणेला घाबरू नका: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही एक भाषा पुरते, आणि सिंधी तिथे १९६७ पासून आहे. हे सांगितल्यावर काकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

बोलावणं आलं की स्वतः जायलाच हवं. वारंवार संधी देऊनही माणूस आला नाही तर जिल्हा समिती अर्ज नामंजुरीच्या विचारासाठी राज्याच्या समितीकडे पाठवते. मुंबईबाहेर कामाला असाल तर रजा आधी सांगून ठेवा.

शपथ तिथेच झाली. राज्यघटनेवरच्या निष्ठेचे शब्द काका हळूहळू, एकही न गाळता वाचत गेले. सही करताना हात थरथरला. अधिकारी थांबले, घाई केली नाही.

प्रमाणपत्र डिजिटल येतं. शाईच्या सहीची प्रत हवी असेल तर अर्ज भरतानाच तसा पर्याय निवडा. आम्ही निवडला होता. काकूंनी फ्रेमवाल्याला विचारूनही ठेवलंय.