समडीची उत्तराण

बडोद्याच्या सुरसागर तलावावर घिरट्या घालणाऱ्या घारीला दांडिया बाजारातलं मराठी पोरगंही 'समडी' म्हणून मोकळं होतं. नाव काही असो, पक्षी जेमतेम पाऊण किलोचा आणि पंख पसरले की साडेचार-पाच फूट. म्हणूनच तिला फारसं फडफडावं लागत नाही. उन्हं तापली की छपरांवरून चढणारी गरम हवा धरायची, दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी तिरकी करायची आणि गोल गोल वर जायचं. नजर खाली, मटणाच्या दुकानावर नाहीतर उकिरड्यावर. उत्तराणीत, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीत, मध्येच आडवी आलेली पतंगाची दोरी दिसेस्तोवर उशीर झालेला असतो.

दोरी पाजताना, म्हणजे तिला धार आणताना, खळीत काचेची पूड घालतात. सुती दोरी हिसक्यानं कधी तुटते तरी; नायलॉनची तुटत नाही, कापत जाते. कापते ती बहुधा पंखाची पुढची कड, म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेला कातडीचा पडदा. त्यात हाड नसतं, कडेनं एक कंडरा, म्हणजे स्नायूची चिवट दोरी, तेवढी असते. कातडी शिवता येते. कंडरा तुटली तर पडदा ताणलाच जात नाही, मग टाके कितीही सुबक घाला.

गच्चीवर घार पडली तर दोरी ओढू नये, दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापावी. मागून टॉवेल टाकून पाय आधी धरावेत. भीती चोचीपेक्षा नख्यांची. मग भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला फडकं, वर झाकण. अंधारात ती शांत होते. जाळीच्या पिंजऱ्यात पिसं मोडतात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबावं आणि १९६२ या प्राण्यांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. चोचीत पाणी ओतणं हा आपला लाडका उपचार, पण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी तिकडे जातं. दूध-हळदही घरच्यांसाठीच ठेवावी.

सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ५ नंतर पतंग नको, असं करुणा अभियानवाले, म्हणजे जखमी पक्षी वाचवण्याच्या गुजरात सरकारच्या मोहिमेतले लोक, दर जानेवारीत सांगतात. संध्याकाळी घारी थव्यांनी रातथाऱ्याच्या झाडांकडे परततात. नेमका तेव्हाच आपल्याला उंधियू जिरून जोर चढलेला असतो.

शिवाय हे दिवस घरट्याचे. काटक्या, चिंध्या, तारा, प्लास्टिक, सगळं चालतं. अंडी दोन-तीन, उबवण महिनाभर, बसते मुख्यतः मादी. तिला खाऊ आणतो नर. तो दोरीत गेला तर तिला उपाशी बसावं लागतं किंवा अंडी सोडून उठावं लागतं.

दुसऱ्या दिवशीची वासी उत्तराण संपली की फिरक्या माळ्यावर जातात. कडुनिंबात अडकलेली सुती दोरी पावसात कुजते. नायलॉनची मात्र पुढच्या जानेवारीतही तिथंच लोंबत असते.