आमची वाटचाल : 'बँकॉकचा माल' नेमका कुठला?

वडिलांनी पुण्यात दुकान थाटलं तेव्हा माणिक, नीलम, पुष्कराज असे सगळे खडे मुंबईच्या झवेरी बाजारातून यायचे. दलाल पुडी उघडून 'बँकॉकचा माल' म्हणायचा, की विषय संपला. मी धंद्यात आल्यावर थेट खरेदीला गेलो आणि कळलं, बँकॉकला खाण नाहीच. खाणी होत्या पूर्वेला, कंबोडियाच्या सीमेकडच्या चंथाबुरी आणि त्रात प्रांतांत.

चंथाबुरी शहराला लागूनच बांग काचा हे तांबोन आहे, आपल्याकडची गटग्रामपंचायत समजा. तिथली लाल माती जुन्या ज्वालामुखीच्या बेसॉल्टची. (आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, पण नीलम काही आपल्या नशिबी नाही!) या मातीखालच्या खडीच्या थरात निळे, हिरवे, पिवळे नीलम आणि काळा तारा-नीलम (उजेडात धरला की ज्यावर ताऱ्यासारखे किरण दिसतात तो) सापडत आला. त्रातमधल्या बो राईला माणिक निघायचं. १९६२ नंतर बर्मात लष्करी राजवटीने खाणी ताब्यात घेतल्या, तिथल्या मोगोकचं माणिक आटलं आणि थाई माणकाने जगाची बाजारपेठ धरली. पुढे बुलडोझर लागले, थर संपत गेले. आता त्याच मातीत ड्युरियन आणि रांबुतानच्या बागा आहेत.

माल संपला, पण हात राहिले. खडा तापवून रंग खुलवणं, पैलू पाडणं, निवड करणं यात चंथाबुरीची माणसं आजही भारी. शनिवार-रविवारच्या बाजारात खरेदीदार भाड्याच्या टेबलावर बसतो आणि दलाल पुड्या घेऊन त्याच्याभोवती फिरतात. पांढऱ्या कागदावर खडा ओतायचा, चिमट्याने उचलून भिंगाखाली धरायचा, भाव कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवायचा. भाषेवाचून काही अडत नाही. कच्चा माल मात्र बहुतेक मादागास्कर, मोझांबिकचा.

२००१-०२ च्या सुमारास बेरिलियम हे मूलद्रव्य घालून, तापवून रंग आणलेले केशरी-पिवळे खडे बाजारात आले आणि नुसत्या भिंगावरचा भरवसा उडाला. तेव्हापासून पिवळा खडा प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय आम्ही घेत नाही. बिलावर 'तापवलेला' आणि मूळ देशही लिहितो. 'मादागास्कर' वाचून काही गिऱ्हाइकं उठून जातात, जाऊ देतो. कुणी खास बांग काचाचाच मागितला, तर सोनेरी सहा किरणांचा काळा तारा दाखवतो. शनीसाठी तो फारसं कुणी नेत नाही. अंगठीची हौस असलेले नेतात, आणि घासाघीसही कमी करतात.