दिलेला शब्द कागदावर: आमच्या छापखान्याची वाटचाल

बडोद्याच्या दांडिया बाजारात बाबांनी छापखाना काढला तेव्हा एक ट्रेडल मशीन होतं आणि गल्ल्याशेजारी एक उभी तार. ऑर्डर आली की चिठ्ठी तारेत टोचायची. अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळात कामं बेताची, तेवढ्यावर भागायचं. पुढे ऑफसेट आलं. मराठी लग्नपत्रिकांबरोबर कंकोत्र्या म्हणजे गुजराती लग्नपत्रिका, बिलबुकं, गरब्याचे पास येऊ लागले. तार पुरेना, म्हणून मी सगळं डोक्यात ठेवू लागलो. रस्त्यात भेटलेल्यालाही "हो, करून देतो" म्हणायचो.

एका मुंजीची पत्रिका होती. मुहूर्ताची वेळ बदलल्याचा फोन आला तेव्हा माझे हात शाईने भरलेले होते. "बदलतो, काकू," म्हटलं आणि विसरलो. तीनशे पत्रिका जुन्याच वेळेसकट कटिंग होऊन आल्या. रात्रभर मशीन चालवून पुन्हा छापून दिल्या. पैशांचं नुकसान सोसलं. पण पुढच्या कामाला काकूंनी प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, माझ्यासमोर बसून तीनदा वाचलं, ते फार लागलं.

मग डेव्हिड ॲलन या अमेरिकन सल्लागारांची कामं मार्गी लावायची पद्धत वाचून काढली. २००१ साली त्यांनी ती पुस्तकात मांडली. पहिलीच गोष्ट पटली: दिलेला शब्द त्याच क्षणी कागदावर उतरवायचा. आता मशीनला दोरीने वही आणि पेन्सिल बांधलेली आहे. शाईचे डाग पडले तर पडू देत. नुसतं "मुंजीची पत्रिका" असं लिहिलं की काय करायचं ते कळत नाही. "आजीचं नाव सुशीला की सुशिला, फोन करून विचारणे" असं लिहिलं की कोणीही उचलून करतं. दोन मिनिटांत होण्यासारखं असेल ते तिथल्या तिथे करून टाकायचं.

खरा फरक पडला तो "वाट पाहतोय" या यादीने. आमची निम्मी कामं दुसऱ्याच्या दारात अडतात: प्रूफचा होकार, प्लेट, लॅमिनेशन, बाइंडर. कोणाकडे, कोणत्या तारखेला दिलं, ते आता लिहिलेलं असतं. शिवाय ४३ फायली आहेत: महिन्याच्या प्रत्येक तारखेची एक अशा ३१ आणि वर्षाच्या प्रत्येक महिन्याची एक अशा १२. काम ज्या दिवशी किंवा महिन्यात करायचं, त्या फाइलीत त्याची चिठ्ठी ठेवायची. आमच्याकडे कमुरता म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, लग्नं नसतात, आणि नंतर एकदम झुंबड उडते. म्हणून रोलर बदलायची चिठ्ठी डिसेंबरच्या फाइलीत असते.

शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून बायको, मशीनमन आणि मी तासभर सगळ्या याद्या वाचतो. हा तास मी कोणत्याही गिऱ्हाइकासाठी मोडत नाही.

गेल्या महिन्यात एका कंकोत्रीचं प्रूफ नऊ दिवस परत आलं नव्हतं. यादीत दिसलं म्हणून फोन केला. त्यांच्या घरी आजोबा गेले होते, लग्न पुढे गेलं होतं. आम्हाला कळवायचं भान त्या घरात कोणाला असणार? कागदाची ऑर्डर थांबवली आणि चिठ्ठी एप्रिलच्या फाइलीत सरकवली.