कोरलमधली मराठी पाटी राऊटरवर चढवताना

साकीनाक्याच्या गाळ्यांत राऊटरवर (फिरत्या कटरने कापणाऱ्या संगणकी मशीनवर) ॲक्रिलिकची अक्षरं कापायला येणारी फाईल बहुधा कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची असते. इंग्रजी पाटी टूलपाथपर्यंत, म्हणजे कटरच्या वाटेपर्यंत न्यायला फार वेळ लागत नाही. मराठीला लागतो, आणि तो खाते शिरोरेषा.

पडद्यावर रेघ सलग दिसते, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ सुटी असून शेजारच्या अक्षरात जराशी घुसलेली असते. मजकूर कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केल्यावर, ही घुसलेली टोकं तशीच राहतात. राऊटरला रेषा दिसली की तो कापणारच, मग सलग शब्दाऐवजी रेघेत उभे छेद पडतात. आकार एकजीव करणारं वेल्ड नुसतं दाबून भागत नाही. मी आधी ब्रेक अपार्ट करून रेषा सुट्या करतो, फक्त बाहेरच्या रेषा निवडून वेल्ड करतो आणि ‘ब’, ‘व’ यांच्या पोटातल्या पोकळ्या नंतर कम्बाईन करून परत भोकं म्हणून जोडतो. सरसकट सगळं निवडून वेल्ड केलं, तर पोकळ्या भरून जातात. शेवटी नुसत्या कडा दाखवणाऱ्या वायरफ्रेममध्ये बघायचं: रेघेच्या आत एकही फालतू रेषा उरता कामा नये.

गिऱ्हाइकाने मजकूर कर्व्ह न करताच पाठवला आणि तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असला, तर आपल्याकडे तो फॉन्ट नसताना भलतंच काहीतरी उमटतं. म्हणून सोबत पीडीएफ मागवतोच. ऱ्हस्व-दीर्घ त्यावरूनच ताडून बघता येतं.

मापाचं वेगळं दुखणं. मशीनकडे न्यायच्या डीएक्सएफ फाईलमधले आकडे नुसते आकडे असतात. एककाची नोंद गाळली गेली किंवा समोरच्या सॉफ्टवेअरने ती वाचलीच नाही, तर मिलिमीटरचे इंच होऊन पाटी २५.४ पट फुगते. एसव्हीजी फाईलमध्ये ७२ आणि ९६ डीपीआयच्या (इंचाला किती ठिपके) गोंधळाने १.३३ पटीचा फरक पडतो, आणि तो जास्त घातक, कारण नजरेला पटकन खटकत नाही. फाईलच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन ठेवायचा, आयात झाल्यावर तो मोजायचा आणि मग काढून टाकायचा. पाटी दोन लिप्यांत असेल तर अक्षरांची उंचीही इथेच बघून घ्यावी. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

वळणं बारीक सरळ तुकड्यांत आली असतील तर मशीन अडखळत चालतं, आणि जिथे थबकतं तिथे ॲक्रिलिकची कड वितळते. ०.०५ मिमी टॉलरन्सने कर्व्ह फिट करून घेतले की कड गुळगुळीत निघते. रेषेवर रेषा दोनदा नाही ना आणि आकार बंद आहेत ना, हेही तेव्हाच तपासतो. उघड्या आकाराला आत-बाहेर नसतं, त्यामुळे कटरच्या जाडीपुरता ऑफसेट देता येत नाही.

कटर ३.१७५ मिमीचा, एका धारेचा. त्याहून अरुंद फटीत तो शिरत नाही, म्हणून ‘क्ष’, ‘श्र’ यांच्या गाठी फाईलमध्येच सैल कराव्या लागतात. आतले कोपरे सुमारे १.६ मिमी त्रिज्येने गोल राहणार, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. आधी पोकळ्या, मग बाहेरची कड. उलट केलं तर सुटलेलं अक्षर हलतं. अनुस्वार आणि नुक्ते तर सुटेच तुकडे, शीटला धरून ठेवणारे टॅब (न कापलेले छोटे दुवे) ठेवले नाहीत की थेट धूळ ओढणाऱ्या पाइपात. ते पाटीवर कुठे बसवायचे याची खूण राहावी म्हणून त्याच फाईलवरून १:१ कागद छापून घेतो.

१० मिमीची शीट भरवशाने १० धरू नये, व्हर्नियर लावावं. कास्ट (साच्यात ओतलेल्या) शीटला १८,००० आरपीएम, मिनिटाला १८०० मिमी फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) आणि २.५ मिमीचा पास (एका फेरीची खोली) मला मानवतो. एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) शीट लवकर वितळते. घाबरून फीड कमी केला, तर भुसा बाहेर पडण्याऐवजी वितळून खाचेतच चिकटतो.

टूलपाथ मशीनच्या भाषेत लिहून देणारा पोस्ट प्रोसेसर आपलं मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचाच निवडावा. कंसाचं केंद्र सापेक्ष की निरपेक्ष यात गल्लत झाली, तर छोट्या वळणाच्या जागी अख्खं वर्तुळ फिरतं. त्यामुळे पेनड्राइव्ह लावल्यावर पहिली फेरी झेड (कटरची उंची) २० मिमी वर ठेवून, हवेतच.